ठासणीची बंदूक, विलायती चोक आणि कणकवलीचे शेत

१९५९ च्या भारतीय शस्त्र कायद्यातील तेराव्या कलमात शेतकऱ्यासाठी म्हणून लिहिलेला एक मजकूर आहे. रक्षणासाठी किंवा शिकारीसाठी नागरिकाने बंदूक मागितली तर ती गुळगुळीत नळीची आणि वीस इंचांहून आखूड नसलेली असावी. पिकाच्या राखणीसाठी मागितली तर ती ठासणीची असावी. आणि अशा बंदुकांचा परवाना अधिकाऱ्याने द्यावा, असा त्याचा आशय. ठासणीच्या बंदुकीने भागणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर दुसऱ्या प्रकारची गुळगुळीत नळीची बंदूकही देता येते, अशी पुस्ती त्याला जोडलेली आहे.

कणकवली तालुक्यात फोंडाघाटापासून खारेपाटणपर्यंत कुठल्याही वाडीत हे कलम ओळखीचे निघेल, मग त्याचा क्रमांक कोणाला ठाऊक असो वा नसो. भाताच्या राखणीची बंदूक ही या भागातली जुनी वस्तू. ती मांगरात नसते, घरात कुलपात असते, आणि तिचे परवान्याचे पुस्तक सातबाऱ्याइतकेच जपून ठेवलेले असते.

हा धागा त्या बंदुकीच्या नळीविषयी आहे. कायदा नळीसंबंधी दोन प्रश्न विचारतो. ती किती लांब आहे, आणि दारू तिच्यात पुढून भरायची की मागून? नळीतून सुटलेले छर्रे कुठे जातील, हे मात्र बहुतांशी तिसऱ्याच गोष्टीवर ठरते. नळीचे तोंड आतून किंचित अरुंद आहे की सरळ, ही ती गोष्ट. या अरुंदपणाला ‘चोक’ म्हणतात. पूर्ण चोकमध्येही तो जेमतेम एक मिलिमीटरचा असतो. एवढ्या एका मिलिमीटरने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंड-अमेरिकेतील शिकारीचे सारे गणित बदलून टाकले. कोकणातील शेतापर्यंत तो पोहोचला फार उशिरा, आणि बऱ्याच शेतांत अजूनही पोहोचलेला नाही.

प्रथम मापांचा उलगडा. ‘बारा बोअर’ हा शब्द सर्वांच्या तोंडी असतो. त्याचा अर्थ असा की एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी त्या नळीत नेमकी बसते. म्हणजे नळीचा आतला व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर. आकडा वाढेल तशी नळी बारीक होत जाते. सोळा बोअर बाराहून लहान, वीस त्याहून लहान. हे उलटे वाटणारे गणित तोफांच्या काळापासून चालत आले आहे. तेव्हा नळीचे माप गोळ्याच्या वजनावरूनच सांगत.

आता मूळ प्रश्न. सरळ, म्हणजे सर्वत्र सारख्याच व्यासाच्या नळीतून छऱ्यांचा बार काढला तर ते किती पसरतात? याची तपासणी करण्याची एक ठरीव पद्धत आहे. चाळीस यार्डांवर, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटरांवर, मोठा कागद लावायचा, त्यावर बार टाकायचा आणि छऱ्यांची सर्वांत दाट वस्ती जिथे असेल तिथे तीस इंच व्यासाचे वर्तुळ आखून आतली भोके मोजायची. सरळ नळीतून गेलेल्या छऱ्यांपैकी सुमारे चाळीस टक्के त्या वर्तुळात सापडतात. अर्ध्या चोकमधून साठ, आणि पूर्ण चोकमधून सत्तर.

आकडे कोरडे वाटतील, पण त्यांचा अर्थ तसा नाही. समजा बारात तीनशे बारीक छर्रे आहेत. सरळ नळीने त्यांतले एकशेवीस वर्तुळात पडले, तर दर सहा चौरस इंचांना एक छर्रा येतो. पूर्ण चोकने दोनशेदहा पडले, तर साडेतीन चौरस इंचांहून थोड्या कमी जागेत एक. कवड्यासारख्या लहान पक्ष्याचे अंग केवढे असते ते डोळ्यांसमोर आणावे. पहिल्या बारात तो छऱ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेतून निसटू शकतो, दुसऱ्यात त्याची शक्यता बरीच कमी होते.

जवळच्या अंतरावर चित्र उलटते. वीस यार्डांवर सरळ नळीचा पसारा सुमारे बत्तीस इंच रुंद असतो आणि पूर्ण चोकचा अवघा सोळा. तिथे चोक असलेल्या बंदुकीने नेम धरणाऱ्याचा हात थोडा चुकला तरी सारा बार बाजूने निघून जातो, आणि लागलाच तर पाखराची चाळण होते. म्हणजे चोक ही सरसकट ‘चांगली’ गोष्ट नाही. जवळच्या कामाला सरळ नळी बरी, लांबच्या कामाला चोक. इंग्रजी दुनळी बंदुकीची उजवी नळी बहुधा मोकळी आणि डावी चोक केलेली असे, ती याचसाठी. पाखरू उठताच जवळचा पहिला बार उजवीने, आणि ते दूर गेले की दुसरा डावीने.

अरुंद तोंडाने छर्रे एकत्र का राहतात? दशावताराचा खेळ संपल्यावर देवळाच्या मांडवातून बाहेर पडणारी गर्दी आठवावी. मांडव चारी बाजूंनी मोकळा असला की लोक एकाच वेळी दाही दिशांना पांगतात. एकच अरुंद दार असेल तर त्यांना ओळ धरावी लागते, कडेचे लोक मध्याकडे ढकलले जातात आणि बाहेर पडल्यावरही ती ओळ काही पावले तशीच टिकते. छऱ्यांचेही असेच होते. तोंडाशी आल्यावर कडेच्या छऱ्यांना आतल्या बाजूला हलकासा धक्का बसतो, त्यांचा लोट लांबट होतो आणि पांगणे लांबणीवर पडते.

सारेच छर्रे या शिस्तीत राहत नाहीत. मऊ शिशाचे छर्रे नळीच्या भिंतीला घासून चपटे होतात, आणि चपटा छर्रा हवेत सरळ जात नाही. दारू आणि छर्रे यांच्यामध्ये घातलेला दट्ट्या जर सैल असेल तर मागचा जळता वायू फटीतून पुढे घुसतो आणि लोट आतूनच फोडतो. विलायतेत हा दट्ट्या लोकरीच्या नमद्याचा, मापात कापलेला असे. गावाकडे ठासणीच्या बंदुकीत चिंधी, कागद, काथ्या असे जे हाताशी असेल ते ठासले जाई. एकाच बंदुकीचे दोन बार एकसारखे का पडत नाहीत, याचे अर्धे उत्तर या बोळ्यात असते.

गुळगुळीत नळी या किनाऱ्याला नवी नव्हती. १५१० मध्ये गोवा घेतल्यावर अल्बुकर्कने तिथल्या लोहारांचे बंदुकीचे काम पाहिले आणि ते बोहेमियाच्या कारागिरांच्या तोडीचे असल्याचे पोर्तुगालच्या राजाला कळवले. मराठीतले ‘काडतूस’ आणि ‘पिस्तूल’ हे दोन्ही शब्द पोर्तुगिजांकडूनच आले आहेत. जामगीची बंदूक, म्हणजे धुमसत्या दोरीने बार काढायची, शिवकाळात आणि पेशवाईत सर्वत्र होती. तिची नळी लांब, कित्येकदा माणसाच्या खांद्याएवढी. कोकणच्या पावसात ती दोरी किती उपयोगी पडत असेल, हा प्रश्न युद्धाच्या इतिहासापेक्षा शेताच्या इतिहासात अधिक महत्त्वाचा आहे, कारण रानडुक्कर भातात शिरते ते पावसाळ्यातच. एकोणिसाव्या शतकात स्फोटक टोपीची, म्हणजे ‘केप’ची बंदूक आली तेव्हा ही अडचण पुष्कळशी सुटली. ठासणीची बंदूक आज ज्या रूपात ओळखली जाते ते रूप या टोपीपासूनचे.

लांब नळीविषयी एक समजूत जामगीच्या काळापासून टिकून आहे. नळी जितकी लांब तितका बार एकवटलेला आणि मार दूरवर, असे मानले जाते. त्यात तथ्याचा अंश आहे, पण छोटा. काळी दारू जळायला वेळ घेते, म्हणून फार आखूड नळीत तिची ताकद वाया जाते. मात्र एका मर्यादेनंतर इंचाइंचाने मिळणारा वेग नगण्य असतो, आणि पसाऱ्यावर तर लांबीचा परिणाम जवळपास होतच नाही. लंडनचा बंदूककार रॉबर्ट चर्चिल याने १९२० च्या दशकात पंचवीस इंची नळ्यांच्या बंदुका काढल्या, तेव्हा तीस इंचांची सवय असलेल्या शिकाऱ्यांनी नाके मुरडली. कागदावरची भोके मात्र चर्चिलच्या बाजूने होती.

चोकचा शोध कोणाचा, यावर दीडशे वर्षे वाद चालला आहे. न्यूकॅसलचा बंदूककार विल्यम रोचेस्टर पेप याने १८६६ मध्ये घेतलेल्या पेटंटमध्ये त्याचा उल्लेख आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील बदकांचा शिकारी फ्रेड किंबल याने त्यानंतर थोड्याच वर्षांत स्वतंत्रपणे तीच गोष्ट साधली. बर्मिंगहॅमच्या डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर याने १८७४ मध्ये ती खात्रीने आणि पुन्हापुन्हा तशीच घडवण्याची रीत बसवली. १८७५ मध्ये लंडनच्या ‘द फील्ड’ या साप्ताहिकाने बंदुकांच्या जाहीर चाचण्या घेतल्या आणि त्यांत ग्रीनरच्या चोक केलेल्या नळ्यांनी सरळ नळ्यांना मागे टाकले. तोवर चोकला हातचलाखी समजणारे बंदूककार वर्षभरात स्वतः चोक करू लागले.

या तिघांत कोकणच्या दृष्टीने सर्वांत लक्षणीय माणूस किंबल. त्याचे यश ठासणीच्या बंदुकीवरचे होते. म्हणजे ठासणीच्या नळीला चोक करता येत नाही, असे नाही. अडचण वेगळी आहे. ठासणीच्या नळीत दट्ट्या तोंडाकडूनच आत जातो. तो नळीच्या पोटात घट्ट बसेल असा घेतला तर अरुंद तोंडातून जाता जात नाही. तोंडातून जाईल असा घेतला तर आत सैल पडतो, आणि मग वायू फटीतून निसटून चोकने कमावलेले सारे घालवतो. यावर एक तोडगा निघाला होता. तोंड अरुंद न करता तोंडाच्या थोडे मागे नळी आतून किंचित पोखरायची, म्हणजे छर्रे क्षणभर पसरून पुन्हा आवळले जातात. पण हे काम कौशल्याचे आणि महागडे. बंदुकीचा घोडा दुरुस्त करून देणाऱ्या गावच्या लोहाराकडून त्याची अपेक्षा करणे व्यर्थ होते.

मागून काडतूस घालण्याची बंदूक आली आणि ही अडचण मुळातूनच मिटली. दट्ट्या मागून येतो, घट्ट असतो, आणि अरुंद तोंडातून एकदाच, बाहेर पडताना जातो. चोक आणि काडतूस यांचे भाग्य म्हणूनच एकमेकांशी बांधलेले राहिले. ज्याच्या हाती काडतुसाची बंदूक आली त्याच्या हाती चोक आला. बाकीचे सरळ नळीवरच राहिले.

आणि नेमक्या याच दशकात हिंदुस्थानात कोणाच्या हाती कोणती बंदूक असावी याचा कायदा कडक होत होता. १८५७ नंतर १८६० चा शस्त्र कायदा आला, आणि लिटनच्या कारकिर्दीत १८७८ चा. परवान्यावाचून शस्त्र बाळगणे गुन्हा ठरले. युरोपियनांना मात्र सूट राहिली. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने या कायद्याविरुद्ध ठराव केला, तो केवळ शस्त्रांच्या हौसेपोटी नव्हता. प्रजेवर विश्वास नाही असे सरकारने कायद्यात लिहून ठेवले होते, आणि ठरावामागचे दुखणे ते होते.

कणकवलीचा परिसर तेव्हा इंग्रजांच्या रत्नागिरी जिल्ह्यात होता आणि शेजारचे कुडाळ सावंतवाडी संस्थानात. १८४४-४५ मध्ये याच संस्थानातील मनोहरगडावर बंड पेटले होते आणि ते मोडायला कंपनीची फौज आणावी लागली होती. डोंगर आणि जंगल यांनी भरलेल्या अशा मुलखात रयतेच्या हाती जलद भरता येणारी बंदूक असावी असे कोणत्याही साम्राज्याला वाटले नसते. ठासणीची बंदूक मात्र सोसण्याजोगी होती. एक बार काढल्यावर दारू ओता, बोळा ठासा, छर्रे टाका, वर आणखी बोळा ठासा, टोपी बसवा; तोवर समोरचा माणूस निघून गेलेला असे. सरकारच्या हिशेबात तिचा हा संथपणाच तिचा गुण होता. १९५९ चा कायदा स्वतंत्र भारताच्या संसदेने केला, तरी शेतकऱ्याला ठासणी देण्यामागचा विचार जुन्या घडणीचाच दिसतो.

त्याच १८७० च्या दशकात याच मुलखात चांगल्या बंदुका आणि अगदी बारीक छर्रे घेऊन फिरणारा एक वर्ग होता, पक्षिशास्त्रज्ञांचा. मुंबई सिव्हिल सर्व्हिसमधील जी. डब्ल्यू. विडाल यांनी दक्षिण कोकणातील पक्ष्यांची पहिली यादी केली. ती १८८० मध्ये अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात छापली गेली. तेव्हाची पक्ष्यांची यादी दुर्बिणीने होत नसे, बंदुकीने होई. पक्षी पाडायचा, कातडे सोलून भरायचे, चिठ्ठी बांधायची. यासाठी मोहरीहूनही बारीक छर्रे थोडीशी दारू घालून जवळून उडवत, म्हणजे पिसे शाबूत राहत. विडालांची यादी आजही सिंधुदुर्गच्या पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्यांना उपयोगी पडते. त्याच डोंगरउतारावर भाताची राखण करणारा कुळवाडी त्या वेळी काय ठासत होता, याची यादी कोणी केली नाही.

पक्ष्यांचे काम बारीक छऱ्यांनी भागते. रानडुकराचे भागत नाही. त्याची कातडी जाड आणि खांद्याशी चरबीचे चिलखत, म्हणून मोठे छर्रे लागतात. भारतात ते ‘एल. जी.’ आणि ‘एस. जी.’ या इंग्रजी नावांनीच ओळखले जातात. एल. जी. म्हणजे एका औंसात सहा, प्रत्येक छर्रा सुमारे नऊ मिलिमीटरचा. एस. जी. औंसात आठ. तेव्हा एका बारात असे मोजून सहा ते नऊ छर्रे.

आता मघाचे गणित इथे लावून पाहावे. चाळीस टक्क्यांचा आकडा बारीक छऱ्यांवर बेतलेला असल्याने तो इथे काटेकोर लागू पडत नाही, पण अंदाज येतो. सरळ नळीतून सुटलेल्या सहा एल. जी. छऱ्यांपैकी चाळीस यार्डांवर अडीच फुटांच्या वर्तुळात दोन किंवा तीन येतील. वर्तुळ डुकराच्या अंगावर नेमके बसले असे धरले, तरी त्यातला मर्मी लागणारा भाग त्याहून बराच लहान. डुक्कर पडत नाही. जखमी होऊन रानात जाते आणि तिथे मरते, किंवा मरत नाही आणि दुसऱ्या दिवशी पायवाटेवर माणसाला गाठते. राखणीच्या जुन्या जाणत्यांनी ‘जवळ येऊ दे, मग बार काढ’ असे का शिकवले, त्याचे कारण या वर्तुळात आहे. वीस यार्डांच्या आत सरळ नळी पुरेशी असते. त्यापलीकडे ती केवळ आवाज करते, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

उरलेले तीन-चार छर्रे कुठे जातात, हा प्रश्न याहून गंभीर. फ्रेंच सेनानी जुर्ने याने छऱ्यांच्या पल्ल्याचा एक सोपा नियम बसवला होता. छऱ्याचा व्यास इंचांत घ्यावा, त्याला २२०० ने गुणावे, जास्तीत जास्त पल्ला यार्डांत मिळतो. एल. जी.साठी हे उत्तर आठशे यार्डांच्या जवळपास येते, म्हणजे सातशे मीटरांहून अधिक. कोकणात गाव एका जागी नसते. वाड्या विखुरलेल्या, घराला लागून कुणगे, पलीकडे माड, माडांपलीकडे दुसऱ्याचे घर. सातशे मीटर मोकळी जागा कणकवली तालुक्यात सहसा सापडायची नाही. डुक्कर समजून माणसावर बार गेल्याच्या बातम्या कोकणात अधूनमधून येतात. तिथे दोष अंधाराचा आणि घाईचा असतो हे खरे, पण पांगलेला छर्रा ज्याला लागतो तो कित्येकदा नेमात नसलेलाच माणूस असतो.

म्हणजे मग साऱ्यांना चोक द्यावा का? इतिहास तसे सरळ उत्तर देत नाही. मोठे छर्रे अरुंद तोंडातून जाताना एकमेकांत अडकतात, चेपतात आणि कधीकधी सरळ नळीहूनही वाईट पांगतात. तोंडाशी छऱ्यांचा थर नीट बसतो की नाही हे पाहिल्याशिवाय चोकमधून मोठे छर्रे उडवू नयेत, असे जुने शिकारी सांगत. आणि छऱ्यांऐवजी पूर्ण मापाची एकच गोळी कोणी भरली, तर चोक हे थेट संकट. साडेअठरा मिलिमीटरची गोळी साडेसतरा मिलिमीटरच्या तोंडातून काढायची म्हणजे नळी फुटण्याची वेळ आणणे.

यावर उपाय शोधला तोही हिंदुस्थानात नोकरी केलेल्या माणसाने. बंगालच्या फौजेतील जॉर्ज फॉस्बेरी यांना १८६३ च्या अंबेला मोहिमेत व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता. १८८५ मध्ये त्यांनी गुळगुळीत नळीच्या फक्त शेवटच्या काही इंचांत, म्हणजे चोकच्याच जागी, पेचदार आटे पाडण्याचे पेटंट घेतले. ही बंदूक छर्रेही बरे टाकी आणि गोळीही नेमकी. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड कंपनीने तिला ‘पॅरॅडॉक्स’ हे नाव दिले आणि हिंदुस्थानातील साहेब व संस्थानिक यांच्यात ती चांगलीच खपली. एकाच वेळी पाखरू आणि डुक्कर या दोहोंची तजवीज करणारी ही बंदूक, पाहू जाता, कोकणातल्या राखणदाराच्या गरजेला सर्वांत जवळची होती. तिची किंमत आणि तिचा परवाना या दोन्ही गोष्टी त्याच्या आवाक्याबाहेरच्या.

स्वातंत्र्यानंतर काडतुसाची दुनळी आणि एकनळी बंदूक हळूहळू गावात आली. मुंगेरच्या परवानाधारक कारखान्यांनी स्वस्त बारा बोअर बंदुका पुरवल्या, आणि १८६९ मध्ये सुरू झालेल्या पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यातून काडतुसे येऊ लागली. कलम तेरामधल्या पुस्तीचा आधार घेऊन ज्यांनी अर्ज केले त्यांच्यापैकी काहींच्या घरात ठासणीची जागा काडतुसाने घेतली. तरीही बंदूक विकत घेताना विचारले जाई ते ‘नळी किती इंची’ आणि ‘कुठली बनावट’. तोंडाचे माप विचारणारा विरळा.

मग १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि प्रश्नाचे स्वरूपच बदलले. बंदुकीचा परवाना असला म्हणून जनावर मारण्याचा परवाना मिळतो असे नाही. उभ्या पिकाला धोकादायक ठरलेले जनावर मारण्याची परवानगी या कायद्याच्या अकराव्या कलमाखाली वनखात्याकडून घ्यावी लागते. रानडुक्कर आणि नीलगाय यांच्याबाबत राज्य शासनाने २०१५ मध्ये तिची कार्यपद्धतीही ठरवून दिली. कणकवलीच्या शेतकऱ्यासाठी याचा व्यवहारातला अर्थ असा की बंदुकीच्या परवान्यासाठी ओरोसला जिल्हाधिकारी कार्यालयात जायचे, आणि जनावरासाठी वनखात्याकडे, ज्याचे विभागीय कार्यालय सावंतवाडीला. डुक्कर या दोन्ही कार्यालयांच्या वेळा पाळत नाही. त्यामुळे राखणीची बंदूक आज मुख्यतः हवेत बार काढून जनावर पळवण्याचे साधन झाली आहे. या कामाला चोक असला काय आणि नसला काय, सारखेच.

जुन्या विलायती दुनळ्या अजूनही काही घरांत आहेत. त्यांच्या नळ्या दस्त्यापासून सोडवून खालची सपाट बाजू पाहिली तर तिथे चाचणीचे शिक्के दिसतात. १८७५ ते १८८७ या काळात इंग्लंडमध्ये तपासलेल्या चोकच्या नळीवर ‘नॉट फॉर बॉल’, म्हणजे ‘गोळीसाठी नव्हे’, असे कोरलेले असे. १८८७ नंतर त्याची जागा ‘चोक’ या एका शब्दाने घेतली. हा शिक्का नळीच्या पोटाशी, लाकडाखाली झाकलेला असतो, त्यामुळे तीन पिढ्या बंदूक वापरलेल्या घरालाही तो कित्येकदा ठाऊक नसतो.

ठासणीच्या बंदुकीवर वाचण्यासारखे असते ते परवान्याच्या पुस्तकात नोंदलेले तिचे क्रमांक. निवडणूक जाहीर झाली की त्याच क्रमांकाने ती पोलीस ठाण्यात जमा होते. महाराष्ट्र विधानसभेचे मतदान २००९, २०१४ आणि २०१९ या तिन्ही वेळी ऑक्टोबरात झाले. कणकवलीत त्या महिन्यात भात कापणीला आलेले असते.